नांदगिरीचा व्हॉल्व्ह

खटावकरांनी पिशवीतून बिडाचा एक तुकडा काढून अण्णांच्या टेबलावर ठेवला. तळहाताएवढा. एक बाजू तीस वर्षांच्या गंजानं काळी पडलेली आणि दुसरी, जिथून तो तुटला होता ती, ताजी करडी, साखरेच्या खड्यासारखी चमकणारी.

"हा काल संध्याकाळी उडाला," ते म्हणाले. "सहाशे मिलिमीटरचा व्हॉल्व्ह. मधोमध फाटला. गावाला पाणी चढवणाऱ्या वाहिनीवरचा."

खटावकर नांदगिरी नगरपालिकेचे पाणीपुरवठ्याचे उपअभियंता. पहाटे निघून तीन तास जीप चालवत ते आमच्या कुपवाडच्या कारखान्यात आले होते. शर्टावर चिखलाचे शिंतोडे होते आणि डोळे लाल.

"दुसरा पंप नाही?" मी विचारलं.

"आहे. पण वाहिनी एकच, आणि या व्हॉल्व्हला तिच्यापासून वेगळं करणारी झडप गंजून अडकलीय. हा फुटला की दुसऱ्या पंपाचं पाणीही तिथूनच बाहेर पडतं. दोन्ही बंद ठेवलेत." त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "ऐंशी हजार वस्ती, मे महिना. दिवसाआड अर्धा तास सोडलं तर टाक्यांत गुरुवारपर्यंत पुरेल. ज्या कंपनीनं तो बनवला होता ती कधीच बंद पडली. रात्रीच फोनवर दोन कारखान्यांना विचारलं, दोघंही तीन आठवडे म्हणतात."

तो सोमवार होता.

अण्णा, म्हणजे सुकुमार चौगुले, कारखान्याचे मालक. एका लेथवर सुरुवात करून त्यांनी अडतीस माणसांचा कारखाना उभा केला होता. त्यांनी तुकडा हातात घेतला, उलटसुलट केला आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, काय म्हणता?"

मी प्रमिला आवटी. तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि वर्षभरापूर्वीच या कारखान्याची वर्क्स मॅनेजर झाले होते. त्या सगळ्या औद्योगिक वसाहतीत या पदावर दुसरी बाई नव्हती. मी डायरी काढून हिशेब मांडला. मागच्या अंगणात रद्द झालेल्या एका मागणीची सहाशेच्या व्हॉल्व्हची दोन ओतीव अंगं, म्हणजे बाहेरची बिडाची कवचं, गवतात पडून होती, म्हणजे ओतकामाचा वेळ वाचणार होता. पण आम्ही त्याआधी तीनशेच्या वरचा व्हॉल्व्ह कधी बनवलेलाच नव्हता.

"मशीनवर चढवणं, आतून कापणं, फाटक घट्ट मिटावं म्हणून दोन्ही बाजूंना पितळी कडी बसवणं, दांडा, जोडणी, दाबचाचणी," मी म्हणाले. "सगळं सरळ झालं तर अठरा दिवस."

"हे तुमचं झालं. आता पोरांना विचारूया."

अण्णांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. पंचावन्न वर्षांच्या माणसालाही ते पोरगाच म्हणायचे. त्यांनी तो तुकडा हातोहात फिरवायला दिला आणि काही न लपवता सांगितलं, गाव कुठलं, माणसं किती, पाणी कधीपर्यंत.

"गुरुवारी सकाळी चाचणी करायची. हुतंय काय?"

तुकडा हातोहात फिरत राहिला. माझ्यासमोर ती माणसं फारशी बोलत नसत. मला वाटायचं, ही शिस्त आहे.

मग मागून दस्तगीरभाई पुढं आले. दस्तगीर मुजावर, मिरजेचे, आमचे सगळ्यात जुने मशिनिस्ट. डोळे मिटून नुसत्या आवाजावरून धार बोथट झाली की नाही ते सांगणारे. त्यांनी गवतातल्या त्या अवाढव्य अंगाभोवती एक फेरी मारली आणि वरून थाप दिली.

"कापायला दोन दिवस. जोडायला एक. झालं की."

"आणि मशीनवर बसणार कसं?" मी म्हणाले. "बोरिंग मशीनचा खांब एक फूट कमी पडतोय."

"खांब वर उचलायचा," फिटर कलाप्पा पटकन बोलला. हा हुक्केरीकडचा, ठेंगणा, हाताला विलक्षण चपळ. "खाली पोलादी ठोकळे घालायचे आणि बोल्ट लांब करायचे. मशीन वर, काम खाली."

"असं कुणी केलंय?"

"कुणी न्हाई केलं. म्हणून तर मजा हाय."

एकदम हसू उसळलं. खटावकर भिंतीला टेकून हे सगळं बघत होते, तेही हसले. पाच मिनिटांत क्रेनची साखळी खणखणायला लागली होती.

ते दिवस आठवले की आजही माझ्या हातापायांत तीच घाई भरते. सोमवारी दुपारी चारला कलाप्पानं बोरिंग मशीनचा खांब ठोकळ्यांवर उभा केला, त्यावर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा बरोबर मध्ये थांबला, तेव्हा सगळ्या वर्कशॉपनं टाळ्या वाजवल्या. स्टोअर सांभाळणाऱ्या इंदुताईंनी मिरज, सांगली, कोल्हापूर असे फोन करून अंगठ्याएवढ्या जाडीचे चाळीस बोल्ट मिळवले आणि स्वतः एसटीनं जाऊन मांडीवर घेऊन आल्या. माणसं पाळी संपली तरी घरी जाईनात. कुणाच्या घरून भाकरीची चळत यायची, कुणाकडून ठेच्याची बरणी. मी पुठ्ठ्यावर तास आखून तक्ता केला होता. प्रत्येक तासाला एक चौकोन रंगवायचा. मी पळत होते, ओरडत होते, फोनवर बोलता बोलता समोर येईल त्या कागदावर सही करत होते. मंगळवारी संध्याकाळी आम्ही तक्त्याच्या चार तास पुढे होतो. बुधवारी दुपारी पितळी कडी बसली. ती दाबून बसवताना प्रेसचा आवाज टिपेला गेला आणि 'टप्' करून थांबला, तेव्हा दस्तगीरभाईंनी कान देऊन ऐकलं.

"बसलं."

एवढंच म्हणाले आणि हात पुसत बाहेर गेले. मला वाटलं, थकले असतील.

आमच्या कॅन्टीनच्या भिंतीवर एक काळा फळा होता. तो मी लावला होता. कुणाच्या हातून काम बिघडलं की त्याचं नाव, मशीनचा नंबर आणि चूक त्यावर लिहायची, आठवडाभर पुसायची नाही. सहा महिन्यांत आमचा बाद मालाचा आकडा निम्म्यावर आला होता. शेजारच्या दोन कारखान्यांतले लोक आमच्या कॅन्टीनला चहाला येत, तेही तो फळा बघत. एका कारखान्यानं तर तसाच फळा आपल्याकडेही लावला. मला त्याचा फार अभिमान होता.

गुरुवारी सकाळी दहाला चाचणी.

खटावकर नऊलाच आले. बाहेर ट्रक उभा होता, कुणीतरी त्याच्या बोनेटला झेंडूचा हारही घातला होता. व्हॉल्व्ह एका तोंडाला जाड पत्रा आवळून, दुसरं तोंड उघडं ठेवून शॉपच्या मध्यभागी ठेवला होता, पुरुषभर उंच, तांबड्या रंगाचा. नांदगिरीच्या वाहिनीत दाब आठ किलोचा, म्हणून आम्ही बारापर्यंत नेणार होतो. कलाप्पा हातपंपावर. मी दाबमापकासमोर.

"चार," मी म्हणाले. "सहा."

कलाप्पा पंप मारत राहिला.

"आठ. नऊ. दहा."

"काय व्हॉल्व्ह हाय गा!" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"अकरा."

आणि व्हॉल्व्हच्या आतल्या बंद फाटकाच्या पलीकडून पाण्याची एक बारीक, पांढरी, सुईसारखी धार निघाली. समोर उभ्या खटावकरांच्या शर्टावर सरळ रेष उमटली. काटा थरथरला आणि खाली यायला लागला. अकरा, नऊ, सहा, तीन.

"उघडा," मी म्हणाले.

चाळीस मिनिटांत कलाप्पानं वरचं झाकण, दांडा आणि फाटक बाहेर काढलं. मग ओढून काढायचं अवजार लावून गळणाऱ्या बाजूचं पितळी कडं उपसलं. मी बॅटरी घेऊन आत वाकले. कडं ज्या खाचेत बसतं, त्या खाचेच्या तळाशी दहा पैशांच्या जुन्या नाण्याएवढा एक डाग दिसत होता, आजूबाजूच्या बिडापेक्षा किंचित गडद. मी नखानं खरवडलं. भुगा निघाला.

लांबी. भोकं बुजवायला लोखंडाचा कीस रसायनात मळून केलेली. ओतकामात हवा अडकून पोकळी राहिली होती आणि ती कुणीतरी भरून, घासून, गुळगुळीत करून वर कडं बसवलं होतं. पाणी कड्याच्या मागून वाट काढून आलं होतं.

मी बाहेर आले तेव्हा माझा आवाज माझा राहिला नव्हता.

"हे कुणी केलं?"

मी बॅटरी एकेकाच्या चेहऱ्यावर फिरवली.

"मी विचारतेय, लांबी कुणी भरली? गाव तहानलंय तिकडं! हा तिथं बसवला असता आणि त्याच्या खड्ड्यात कुणी माणूस उतरलेला असताना फुटला असता तर?" मी सरळ कॅन्टीनकडे गेले, खडू उचलला आणि फळ्यासमोर उभी राहिले. सगळे मागोमाग दारापर्यंत आले. "नाव सांगा. नाव मिळाल्याशिवाय आज इथून कुणी हलणार नाही."

कुणी वर बघेना. अण्णा गर्दीतून वाट काढत आत आले. ते रागावले असतील असं मला वाटलं, पण चेहऱ्यावर राग नव्हता. एक बाक ओढून ते बसले.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा."

"कडं बसवण्याआधी खाच तपासायचा कागद असतो न्हवं? त्यावर सही कुणाची हाय?"

सही माझी होती. मंगळवारी दुपारी, मी फोनवर असताना, दस्तगीरभाई तो कागद घेऊन माझ्यासमोर उभे राहिले होते. "मॅडम, एकदा स्वतः बघून घेता काय?" त्यांनी विचारलं होतं. मी फोनवर हात ठेवून म्हणाले होते, "तुमच्या कामात काय बघायचं, भाई? वेळ कुठाय?" आणि सही केली होती. ते क्षणभर थांबले होते. मी हातानंच त्यांना जा म्हटलं होतं.

बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

अण्णांना तो कागद सापडला होता हे उघड होतं. सगळ्यांसमोर माझं नाव ते घेऊ शकले असते, आणि घेतलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं. पण ते नुसते बसून राहिले, मांडीवर हात ठेवून, जणू त्यांच्याकडं हवा तेवढा वेळ होता. माझ्या हातात खडू होता. खटावकर दारात उभे होते, शर्टावर ती ओली रेष घेऊन. मला वाटलं, मी आता इथं माझं नाव लिहिलं तर उद्यापासून ही माणसं माझं ऐकणार नाहीत. बाई आहे, चुकली, असंच म्हणतील. वर्षभर ज्यासाठी जिवाचं रान केलं ते सगळं गेलं.

मी वळले आणि लिहिलं. 'आवटी. खाच न बघता सही केली.' अक्षर वाकडं आलं.

"काम करणाऱ्यानं मला बघा म्हणून सांगितलं होतं," मी म्हणाले. "मी बघितलं नाही."

मग गर्दीतून दस्तगीरभाई पुढं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले.

"लांबी मी भरली," ते म्हणाले. आवाज स्पष्ट होता, पण नेहमीचा नव्हता. "मंगळवारी आतून कापताना पोकळी निघाली. बोललो असतो तर अंग बाद झालं असतं. दुसरं अंग चढवायचं, पुन्हा दोन दिवस, गुरुवार गेला असता. आणि..." त्यांनी फळ्याकडं बोट केलं. "माझा जावई शेजारच्या कारखान्यात हाय. चहाला इथंच येतो. तीस वर्षांत माझं नाव कुठं खाली गेलं न्हवतं, मॅडम. वाटलं, बाई बघतील, सापडलं तर सापडलं. तुम्ही सही केली, मग माझं तोंडच मिटलं."

मी त्यांच्याकडं बघितलं. तेवढ्यात कलाप्पा ओरडला.

"आता लिवायचंच हाय तर माझंबी लिवा!"

"तुझं काय?"

"दांड्याचा नट. आटे ढिले हायत. मी काल सांगणार हुतो, पण तुम्ही तक्त्यात चौकोन रंगवून टाकला, मग म्हटलं चालवून घेऊ. वर्षभर चालंल, पुढं खेळायला लागंल."

"चाळीसातले चार बोल्ट दुसऱ्या जातीचे आहेत," इंदुताई मागून म्हणाल्या. "डोक्यावरचा शिक्का वेगळाय. मला एसटीतच दिसलं होतं."

"सांध्यातलं रबर मी दोन तुकडे जोडून केलंय."

"तोंडावरच्या एका भोकाचं अंतर अर्ध्या मिलीनं चुकलंय. कानशीनं घासून बसवणार हुतो तिथं गेल्यावर."

मी लिहीत गेले. खडू मोडला, दुसरा घेतला. वीस मिनिटांत फळा काठोकाठ भरला. आणि काय सांगू, खोलीतली हवाच बदलली होती! मघाशी जमिनीकडं बघणारी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून वाकून बोलत होती. "अरे, ते व्हय? ते तर अर्ध्या तासात हुतंय," "नट नवा कापायला घे, मी पितळ आणतो." तेवढ्यात अण्णा उठले, माझ्या हातातून खडू घेतला आणि सगळ्यात वर, जिथं जागा नव्हती तिथं, बारीक अक्षरात लिहिलं, 'सुकुमार चौगुले. सहा महिने हा फळा बघत होतो, बोललो नाही.'

"आता बोला," ते म्हणाले. "पोकळीचं काय करायचं?"

"दुसरं अंग नको," दस्तगीरभाई म्हणाले. आता त्यांचा आवाज त्यांचा झाला होता. "लांबी उकरून काढू. चांगल्या धातूपर्यंत भोक पाडू, आटे कापू, पितळी डाट पिळून बसवू आणि खाच पुन्हा कापू. डाट अंगाशी एकजीव होईल. अशी दुरुस्ती मी जुन्या कारखान्यात उघड उघड केलीय, साहेबांना सांगून."

"किती वेळ?"

"उद्या सकाळ. पण मॅडम, या वेळी प्रत्येक पायरीला तुम्ही बोट घालून बघायचं."

"बघते," मी म्हणाले.

गुरुवारचा शब्द मात्र मोडला होता. नांदगिरीच्या टाक्या त्या संध्याकाळी कोरड्या पडणार होत्या. खटावकर फोनकडं वळले, पण अण्णांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि स्वतः नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना फोन लावला.

"मी चौगुले बोलतोय. व्हॉल्व्ह आज येणार नाही. आमच्या कामात चूक निघाली... नाही, तुमच्या माणसाची नाही, माझ्या कारखान्याची. गावाला तसंच सांगा, माझं नाव घेऊन सांगा. दवाखान्याला आणि बाळंतिणींच्या वॉर्डाला पाणी टँकरनं मी पाठवतो, चार टँकर निघतायत. उद्या दुपारी व्हॉल्व्ह घेऊन मी येतो."

पलीकडून बराच वेळ मोठा आवाज येत होता. अण्णांनी तो सगळा ऐकून घेतला. एकदाही "पण" म्हणाले नाहीत.

खटावकर तेव्हा पुन्हा कॅन्टीनच्या दारात जाऊन फळ्याकडं बघत उभे होते. मी चहा दिला तो त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत.

शुक्रवारी सकाळी पुन्हा पंप, पुन्हा काटा. या वेळी आकडे मी वाचत नव्हते. सगळी शॉप एकदमच मोजत होती. "दहा! अकरा! बारा!" काटा बारावर गेला आणि खिळला. पाच मिनिटं. दहा मिनिटं. दस्तगीरभाईंनी पलीकडच्या बाजूला कोरडा कागद धरला होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला. कोरडा ठणठणीत.

"चौदापर्यंत नेऊ काय?" कलाप्पानं डोळे मिचकावत विचारलं.

"ने!"

चौदालाही तो हलला नाही. जो जल्लोष झाला त्यानं शेजारच्या कारखान्यातली माणसं कुंपणाशी धावत आली.

ट्रक निघाला. पुढं खटावकरांची जीप, मागं आमची माणसं जेवढी बसतील तेवढी. घाट उतरलो तसं गाव दिसलं आणि रस्त्याच्या कडेनं घागरी, डबे, प्लास्टिकचे बॅरल यांची न संपणारी रांग. बायका ट्रककडं बघत होत्या. कुणी हात हलवला नाही. एक म्हातारी नुसती उठून उभी राहिली.

पंपघर नदीकाठी. शेजारच्या चौकोनी खड्ड्यात फुटलेला व्हॉल्व्ह काढून जागा मोकळी केलेली. साखळीवर आमचा व्हॉल्व्ह खाली उतरताना कलाप्पा आत उभा राहून दोन्ही हातांनी त्याला दिशा देत होता, "थोडा डावीकडं, थोडा, बास!" आणि चाळीसच्या चाळीस बोल्ट एकाही भोकाला न अडता आरपार गेले. मुख्याधिकारी काठावर उभे होते, अण्णांशी एक शब्दही न बोलता. तीन वाजून दहा मिनिटांनी पंपाचं बटण दाबलं. जमीन थरथरली. दस्तगीरभाईंनी चाकाला हात घातला आणि हळूहळू फिरवायला लागले. वाहिनीत आधी हवेचा सुस्कारा, मग गडगड, मग एक जाड, भरलेला, सलग आवाज. पंपघराच्या मागं उघड्या ठेवलेल्या तोंडातून गढूळ पाण्याचा लोट बाहेर पडला, मग स्वच्छ. गावातून फोन आला, वरच्या टाकीत पाणी पडायला लागलंय. मुख्याधिकाऱ्यांनी अण्णांचा हात धरला. कलाप्पा पाण्याखाली जाऊन उभा राहिला, कपड्यांसकट.

मी खटावकरांना शोधत होते. ते दुसऱ्या पंपाच्या खड्ड्यापाशी एकटे उभे होते.

"साहेब, या की इकडं," मी हाक मारली.

ते आले, पण माझ्याकडं नाही. सरळ मुख्याधिकाऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, मला एक सांगायचंय. पहिल्या व्हॉल्व्हची चीर मला फेब्रुवारीतच दिसली होती."

मुख्याधिकाऱ्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं रिकामं झालं.

"कागदावर आणली नाही. आणली असती तर आधी मलाच विचारलं असतं, दोन वर्षं तपासणी का झाली नाही. म्हटलं, पावसाळ्यापर्यंत निभेल." त्यांनी आमच्याकडं हात केला. "काल यांच्याकडं माणसं एकेक करून बोलत होती. मी दारात उभा होतो. आणि मला अजून एक माहीत होतं, साहेब. दुसऱ्या व्हॉल्व्हलाही चीर आहे. तशीच. आत्ता त्याच्यावर दाब आलाय."

मुख्याधिकारी बोलायला गेले आणि मला त्यांचा पहिला शब्द ऐकू येण्याआधीच कळला, कारण कालपर्यंत तो माझा होता. कुणी. का. नाव. मी मध्ये पडले. आज सव्वीस वर्षं झाली, पुढं अण्णांनंतर तो कारखाना मी चालवला, पण वरिष्ठ माणसाचं बोलणं मी असं भर चारचौघांत तोडलं ते तेवढं एकदाच.

"साहेब, आधी दोन नंबरचा दाब उतरवू. त्याला वेगळा काढता येईल, एक नंबर चालू ठेवून. खटावकर, चीर कुठं आहे? दाखवा."

खटावकरांनी हात वर केला, पण तो दाखवायची गरजच पडली नाही. दस्तगीरभाई आधीच दुसऱ्या खड्ड्याची लोखंडी शिडी उतरत होते. कलाप्पा, निथळत, त्यांच्या पाठोपाठ बॅटरी घेऊन. वर अण्णा गुडघ्यावर बसून खाली वाकले होते. मुख्याधिकाऱ्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं, मग खटावकरांकडं, आणि स्वतः पंपघरात जाऊन दोन नंबरच्या झडपा बंद करायला सांगितलं.

खड्ड्यातून टेपचा पत्रा खळकन उलगडल्याचा आवाज आला.

"मॅडम, लिहा!" दस्तगीरभाई खालून ओरडले. "खालच्या अंगाला, एक फूट दोन इंच. केसाएवढी, पण आरपार."

मी डायरी उघडली.

"लिहिलं!"

"थांबा, अजून एक सापडलीय!" ते ओरडले, आणि त्यांचा आवाज असा होता, जणू खाली मोहरांचा हंडा लागलाय.